इंदूर तीन दिवस, मुलं ६ आणि पावणेतीन वर्षांची: काय ठेवू, काय काढू?

मनीप्लांट_बडोदा

नमस्कार मंडळी. १५ ऑगस्टला जोडून यंदा (२०२५) शुक्र-शनि-रवि असे तीन दिवस मिळतायत आणि आमच्याकडे एकदाचं ठरलंय की कुठेतरी जायचंच, नाहीतर दर सुट्टीला कमाटीबाग आणि घरी येऊन मॅगी एवढंच होतं. इंदूर ठरवलंय. बडोद्याहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, रात्रीची गाडी आहे, आणि सासूबाईंचं माहेर इंदूरचं. आता तिथे आमचं कोणी राहत नाही पण त्यांना राजवाडा परत एकदा बघायचाय.

माणसं पाच. मी, नवरा, सासूबाई (गुडघा दुखतो, जिने नको), मुलगा ६ वर्षांचा, मुलगी पावणेतीनची. मुलगी दुपारी झोपली नाही तर संध्याकाळी पाचनंतर तिच्याशी कोणी बोलू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नवऱ्याने एक्सेल केलीय. त्यात पहिल्या दिवशी राजवाडा, कृष्णपुरा छत्र्या, काच मंदिर, लालबाग पॅलेस, झू, सराफा (रात्रीचा खाऊबाजार). दुसऱ्या दिवशी मांडू. तिसऱ्या दिवशी सकाळी उज्जैन, दुपारी परत येऊन खजराना गणपती, छप्पन दुकान (खाण्याच्या दुकानांची गल्ली), रात्री गाडी. प्रत्येक ठिकाणासमोर किती मिनिटं ते लिहिलंय, काच मंदिर २० मिनिटं, जेवण ३५ मिनिटं. ३५ मिनिटांत आमची मुलगी एक पोळी पण संपवत नाही.

मला सांगा यातलं काय ठेवू आणि काय काढू. मागच्या वर्षी एका मोठ्या शहरात असंच चार दिवस पळापळ केली होती आणि घरी आल्यावर मुलाला विचारलं काय आवडलं तर म्हणाला हॉटेलची लिफ्ट. ते अजून डोक्यात आहे.

सवाई_पोहे

एक्सेल काढा. पोहे ठेवा.

तिळगूळ_इंदूर

ताई, आधी इंदूरला या म्हणून आनंद झाला 🙂 मी टिळकनगरला राहते, माझी दोन पोरं आता ९ आणि ५ ची आहेत, म्हणजे तुमच्या स्टेजमधून नुकतीच सुटलेय. पाहुणे पण आमच्याकडे सारखे येतात (पुण्याची नणंद, नागपूरची मावशी, सगळ्यांना सराफा बघायचा असतो) त्यामुळे मुलं घेऊन इंदूर कसं फिरायचं यात माझी पीएचडी झालीय असं समजा.

माझा नियम एकच, दिवसाला एक मोठी गोष्ट. एकच. ती सकाळी करायची, पोरांचं पोट भरलेलं आणि मूड चांगला असताना. जेवून रूमवर यायचं आणि सगळ्यांनी आडवं व्हायचं, मोठ्यांनी पण. मग साडेचार-पाचला बाहेर पडायचं आणि संध्याकाळ खाण्यासाठी. इंदूरची मजा तशीही खाण्यातच आहे, त्यामुळे संध्याकाळी नुसतं खाल्लं तरी तुम्ही काही बुडवलं असं होत नाही.

म्हणून रूम कुठे घेताय याला सगळ्यात जास्त महत्त्व द्या. लोक स्वस्त मिळतं म्हणून बायपासला नाहीतर एअरपोर्टकडे रूम घेतात आणि मग दुपारी परत यायला तास लागतो, मग कोणी परत येत नाही, मग लहानगी गाडीतच झोपते आणि उठते ती रडतच. पलासिया, एम. जी. रोड, रिगल, त्या बाजूला बघा. स्टेशन जवळ, छप्पन जवळ, राजवाडा पण लांब नाही.

तुमच्या लिस्टचं सांगते. झू नक्की ठेवा, नवलखाला कमला नेहरू प्राणी संग्रहालय, पण १५ ऑगस्टला दुपारी जाऊ नका, त्या दिवशी अर्धं इंदूर तिथे असतं. सकाळी उघडताना जा. तेव्हा प्राणी पण जागे असतात, दुपारी सगळे वाघ पाठ करून झोपतात आणि मग मुलं म्हणतात वाघ कुठाय वाघ कुठाय. सापांचं घर आणि पक्ष्यांचा मोठा पिंजरा आहे ज्यात आपण आत चालत जातो, तिथे माझी पोरं सगळ्यात जास्त रमली. सगळं झू बघायचा हट्ट करू नका. सोमवारी बंद असतं, तुम्हाला लागू नाही पण कोणी पुढे वाचेल म्हणून लिहिते.

काच मंदिर ठेवा. इतवारिया बाजारात आहे, सर हुकुमचंद सेठांनी बांधलेलं जैन मंदिर. भिंती, खांब, छत, सगळीकडे काचा. आत फोटो काढू देत नाहीत आणि खरं सांगू, त्यामुळेच बरं असतं, लोक बघतात तरी. मुलं स्वतःला शंभर वेळा बघून हसत सुटतात. इथे नवऱ्याची २० मिनिटं बरोबर आहेत, त्यांना सांगा.

शनिवारी संध्याकाळी राजवाड्याकडे फिरकू नका! त्या दिवशी जन्माष्टमी आहे आणि गोपाल मंदिर तिथेच मागे आहे. गर्दी अशी असते की सासूबाईंचा गुडघा आणि तुमची लहानगी दोन्ही सांभाळणं होणार नाही. राजवाडा शुक्रवारी संध्याकाळी नाहीतर रविवारी सकाळी करा.

उज्जैन यावेळी काढा. देव कुठे जात नाही.

भटक्या_धार

बाकी सगळं बरोबर पण मांडू काढायला सांगताय की काय? ऑगस्टात मांडू सोडून लोक इंदूरला काय करतात मला कळत नाही. जहाज महालाच्या दोन्ही बाजूला पाणी भरलेलं असतं, ढग खाली उतरतात, सगळं हिरवं. मांडू खऱ्या अर्थाने बघायचं तर हेच दोन महिने, मे महिन्यात जाऊन लोक दगड बघून येतात.

आणि मुलांना कंटाळा येतो हे मला पटत नाही. मी माझ्या पुतण्याला ५ वर्षांचा असताना नेलं होतं. एको पॉइंटला त्याने स्वतःचं नाव अर्धा तास ओरडून घेतलं, दाई का महल समोर आहे तिथून आवाज परत येतो. मग गोरख चिंचेची झाडं, तिकडे खुरासानी इमली म्हणतात, बुंधा एवढा जाड की चार माणसांनी हात धरले तरी पुरत नाही. फळं रस्त्यावर विकायला असतात, मखमलीसारखं टरफल, आत आंबट. त्याने ते फळ घरी आणून सहा महिने कपाटात ठेवलं होतं, त्याच्या आईला विचारा.

तिळगूळ_इंदूर

@भटक्या_धार भाऊ, पुतण्या ५ वर्षांचा होता आणि त्याच्याबरोबर काका होता. इथे पावणेतीनची आहे, सासूबाईंना जिने नकोत, आणि जाताना दोन-अडीच तास येताना दोन-अडीच तास, मांडूत पण सगळं एकमेकांपासून लांब लांब. रूपमती मंडपाला चढ आहे. परत येईपर्यंत रात्र. मांडू सुंदरच आहे, मला मांडूशी भांडण नाही, पण मांडूला एक रात्र मुक्काम हवा. तीन दिवसांत इंदूर आणि मांडू दोन्ही म्हणजे मुलं फक्त गाडीची सीट बघणार.

भटक्या_धार

ठीक आहे. मुक्काम करायचा असेल तर मात्र पुढच्या वेळी नुसतं मांडूच करा, इंदूर काढा 😄

मनीप्लांट_बडोदा

बापरे किती छान माहिती. मांडू काढलं (नवरा जरा नाराज आहे पण चालेल). अजून विचारते, स्ट्रोलर आणू का? सराफा मुलांना घेऊन जाण्यासारखा आहे का? नवरा म्हणतो सराफा नाही तर इंदूर नाही. आणि ट्रेनचं म्हणजे, गाडी बडोद्याला मध्यरात्रीच्या आसपास येते, दोन झोपलेली मुलं आणि सामान घेऊन चढायचं, मला टेन्शन आलंय. सहा वर्षांच्या मुलाचं तिकीट काढताना पण गोंधळ झाला.

रुळावरची_गोष्ट

मी महूचा (आता डॉ. आंबेडकर नगर म्हणायचं, पण तोंडात महूच येतं). माझी बायको बडोद्याची, त्यामुळे अवंतिका एक्स्प्रेसने वर्षातून तीन-चार वेळा येणं-जाणं असतं.

तिकिटाचं असं आहे, ५ वर्षांच्या आतलं मूल फुकट पण त्याला बर्थ नाही. ५ ते १२ च्या आतल्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर अर्धं. २०१६ पासून असंच आहे. तुमच्या मुलाचं पूर्णच काढा, रात्रभर सहा वर्षांचा मुलगा मांडीवर घेऊन कोणाची कंबर राहणार नाही. सासूबाईंना खालचा बर्थ, लहानगी तुमच्याबरोबर खालच्याच दुसऱ्या बर्थवर भिंतीकडून.

चढताना सोपं करायचं असेल तर सामान कमी. कमी म्हणजे खरंच कमी, एक चाकांची बॅग आणि एक पाठीवरची. मुलांना घरीच प्रवासाचे कपडे घालूनच झोपवा, नाइट सूट वगैरे भानगड नको. आम्ही मोठ्याला आधी सांगून ठेवायचो की आज आपण रात्री बारा वाजता उठून गाडी पकडणार आहोत, कोणालाच परवानगी नसते पण तुला आहे. तो आदल्या दिवसापासून ऐटीत असायचा. एकदा तर झोपलाच नाही, पण ते वेगळं.

इंदूरला गाडी सकाळी पोचते आणि हॉटेलं रूम देतात बाराला. ही खरी गोम आहे. बुक करतानाच फोन करून विचारा की सकाळी रूम मिळेल का, आणि मिळेल म्हणाले तर मेसेजवर लिहून घ्या. आमच्या बाबतीत एका हॉटेलने फोनवर हो म्हटलं आणि पोचल्यावर काउंटरवरचा म्हणतो मला कोणी सांगितलं नाही. अडीच तास लॉबीत, मुलाने सोफ्यावर दूध सांडलं, मी काही पुसलं नाही.

आता माझ्या आवडीचा विषय. पाताळपाणी ते कालाकुंडची हेरिटेज ट्रेन कोणीच कशी सांगितली नाही? जुनी मीटर गेज लाइन, साडेनऊ किलोमीटरची, घाट आणि बोगदे आणि मधे पाताळपाण्याचा धबधबा. २५ डिसेंबर २०१८ ला सुरू झाली. पावसाळ्यात शनिवार-रविवारी चालते. सकाळी अकराच्या सुमारास पाताळपाणीहून निघते, थांबत थांबत जाते, लोक उतरून फोटो काढतात, मग कालाकुंडला बराच वेळ थांबते आणि दुपारी परत. कालाकुंडला पळसाच्या पानात कलाकंद मिळतो, स्टेशनवरच. गावाचं नाव कालाकुंड आणि मिठाई कलाकंद, माझ्या मुलाला हा विनोद एवढा आवडला की तो वर्षभर सगळ्यांना सांगत होता.

बुकिंग आधी करा, सीझनमध्ये तिकिटं उडतात. खिडक्या मोठ्या काचेच्या आहेत त्या डब्याचं मिळालं तर उत्तम, लहान मुलांना सीटवर बसून बाहेरचं सगळं दिसतं. आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो, पाताळपाण्याच्या धबधब्याकडे पावसाळ्यात गेलात तर पाण्यात उतरू नका, अगदी घोट्याएवढं दिसत असलं तरी. वर कुठेतरी पाऊस पडतो आणि इथे ऊन असताना लोंढा येतो. २०११ मध्ये असंच एक कुटुंब वाहून गेलं होतं. कठड्याच्या आतून बघा आणि लहानगीला कडेवर ठेवा.

जुना_रामबागी

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण वरती रुळांचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. त्या रेल्वे लाइनसाठी तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले होते, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांसाठी. राजाने इंग्रजांना कर्ज दिले! नातवाला हे सांगा, खिडकीत बसल्यावर.

सुनबाई, तुमच्या सासूबाईंचं माहेर इथलं म्हणता तर त्यांना राजवाडा शुक्रवारी सायंकाळी दाखवा. आत जाऊन सगळे मजले चढायची गरज नाही. समोर अहिल्यादेवींच्या पुतळ्याच्या बागेत बसवा त्यांना आणि लहान मुलीला, आणि तुम्ही दोघं मुलाला घेऊन आत जाऊन या. त्याला मजले मोजायला सांगा. सात आहेत, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ साली आग लागली तेव्हा मी तिथून जवळच नोकरीला होतो, त्याबद्दल नाही लिहीत. पुढे दुरुस्ती झाली.

सगळ्यांनी एकत्र सगळं बघायचं हा हट्ट माणसांना फार दमवतो. आमच्या वेळी वडील मंडळी बाकावर बसायची आणि मुलं आत जायची, कोणाला काही वाटत नसे. आता सगळ्यांना सगळ्या फोटोत यायचं असतं.

सराफ्याबद्दल. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले. रात्री दहानंतर खरा रंग भरतो आणि दोनपर्यंत चालतो, पण तो तुमच्यासाठी नाही. तुम्ही साडेआठ-नऊला जा, ठेले लागत असतात तेव्हाच. मोकळं असतं, खाणं गरम असतं, आणि दहाच्या आत बाहेर पडा. मुलाला दहीवडा हवेत उडवून झेलतात ते दाखवा, त्यातून दही सांडत नाही हे बघून माझे नातू अवाक झाले होते. भुट्ट्याचा कीस मुलांना चालतो, दुधात शिजवलेला असतो, फक्त मिरची कमी घाला म्हणून आधी सांगा. साबुदाण्याची खिचडी वाफेवर गरम करून देतात, आपल्या घरच्यासारखी नसते, वर शेव आणि जिरावन (इंदुरी मसाला). जिरावन मुलांच्या वाट्यावर घालू नका. गराडू (तळलेला कंद) मात्र थंडीतच, आता शोधू नका.

तिळगूळ_इंदूर

काका 🙏 तुम्ही लिहीत जा ना.

स्ट्रोलरचं राहिलं. नका आणू. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत आणि सराफ्यात चाकं चालतच नाहीत, तुम्हीच ती उचलून फिराल आणि मुलगी दुसऱ्या हातात. कॅरियर असेल तर तो आणा, नाहीतर जुनी ओढणी, माझ्या आईने मला ओढणीतच फिरवलं आणि मी व्यवस्थित मोठी झाले. झूमध्ये बॅटरीवाली गाडी मिळाली तर घ्या.

छप्पन दुकान मात्र स्ट्रोलरवाल्या लोकांसाठीच आहे, म्हणजे २०२० मध्ये सगळं नवीन केलं आणि आत गाड्या येत नाहीत, त्यामुळे मुलाचा हात दोन मिनिटं सोडता येतो. सराफ्याचा मूड लागला नाही तर सरळ छप्पनला जा आणि नवऱ्याला सांगा की हा पण सराफाच आहे. तिथे शिकंजी घ्या पण लक्षात ठेवा, इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नाही! दूध, रबडी, केशर, सुकामेवा, घट्ट. दोन मुलांत एक ग्लास पुरतो. खोबरा पॅटिस पण मुलांना आवडतो, तिखट कमी असतो.

आणि गर्दीत जाण्याआधी सकाळीच मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. हरवलं तर कोणता शर्ट होता हे आपल्यालाच आठवत नाही, खरंच आठवत नाही, माझा अनुभव आहे, चार मिनिटंच हरवला होता पण मला त्याच्या शर्टाचा रंग सांगता येईना. मुलाच्या मनगटावर पेनाने फोन नंबर.

अजून एक, मुलाला रोज एक गोष्ट ठरवायला द्या. तो म्हणेल ती, अगदी एस्केलेटर म्हणाला तरी. तुमची ती लिफ्टवाली गोष्ट वाचून मला वाटलं की त्या चार दिवसांत लिफ्ट हीच एक गोष्ट असेल जी त्याने स्वतः केली, बटण त्याने दाबलं असेल. बाकी सगळीकडे त्याला ओढून नेलं असेल.

मनीप्लांट_बडोदा

हो गं. बटण तोच दाबायचा.

सवाई_पोहे

मेट्रो पण आहे आता, सुपर कॉरिडॉरवर. ३१ मे २०२५ पासून. पाच स्टेशनं, सहा किलोमीटर. कुठेच जात नाही पण मुलांना काय फरक पडतो. वेळा बघून जा, बदलत असतात.

रुळावरची_गोष्ट

@सवाई_पोहे "कुठेच जात नाही" 😂 इंदूरकरांनी आपल्याच मेट्रोचं याहून चांगलं वर्णन केलं नाही.

मनीप्लांट_बडोदा

परत आलोय! सगळ्यांनी एवढं लिहिलं म्हणून न सांगता गप्प बसणं बरं नाही, लिहिते. जरा लांब होईल.

गाडीत चढणं टेन्शनएवढं कठीण नव्हतं. मुलाला "तुला परवानगी आहे" वालं सांगितलं होतं, तो रात्री साडेनऊपासून बूट घालून सोफ्यावर बसला होता. मुलगी झोपेतच आली आणि सकाळी डोळे उघडून म्हणाली आपलं घर हलतंय. रूम सकाळी मिळाली, मेसेज दाखवला म्हणून मिळाली, नाहीतर काउंटरवर पहिलं उत्तर "बारा बजे" असंच होतं.

शुक्रवारी झू करायचं होतं पण हॉटेलवर आंघोळी आणि पोहे होईपर्यंत दहा वाजले आणि रिक्षावाला म्हणाला आज झंडावंदन, छुट्टी, झूमध्ये पाय ठेवायला जागा नसेल. मग नाही गेलो. एक्सेल असती तर नवऱ्याने ओढून नेलं असतं, मला माहितीय. दुपारी सगळे झोपलो, चार तास, सासूबाईंसकट. संध्याकाळी राजवाडा. काका तुम्ही सांगितलं तसंच केलं, सासूबाई आणि मुलगी बागेत, आम्ही आत. मुलाने मजले तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळे आले. खाली आलो तर सासूबाई मुलीला बोट दाखवून सांगत होत्या की त्या कोपऱ्यावरून आम्ही शाळेत जायचो, आणि मुलगी मन लावून ऐकत होती, म्हणजे हातातलं कणीस खात होती. सासूबाईंनी इंदूरबद्दल इतकं बोललेलं मी लग्नाला नऊ वर्षं झाली तरी ऐकलं नव्हतं. तिथून काच मंदिराकडे निघालो पण पाऊस आला आणि ते राहिलंच.

सराफ्यात पावणेनऊला गेलो आणि साडेनऊला बाहेर. दहीवडा उडवताना मुलाने श्वास रोखून धरला होता. सासूबाईंनी कीस खाल्ला आणि म्हणाल्या मीठ जास्त आहे, आमच्या आईचा यापेक्षा चांगला, आणि मग दुसरी प्लेट मागवली.

शनिवारी हेरिटेज ट्रेनचं तिकीट मिळालं नव्हतंच, आम्हीच बुकिंगला उशीर केला, चूक आमची. मुलगा हिरमुसला. त्याला म्हटलं आज तू ठरव, तर म्हणाला मेट्रो. ऑटो करून एवढ्या लांब गेलो. डबा जवळजवळ रिकामा होता, मुलं या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती, सासूबाई खिडकीपाशी बसून "इथे सगळी शेतं होती" म्हणत होत्या. शेवटच्या स्टेशनवर उतरून परत चढलो, परत तेच. नवरा पण म्हणाला सोपं आहे हे, आधी मला का नाही सुचलं. एक्सेलमध्ये कॉलम नव्हता म्हणून.

रविवारी सकाळी नऊला झू. हे मस्त झालं. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात मुलीच्या अगदी जवळ एक पोपट येऊन बसला आणि ती पाच मिनिटं हलली नाही, पाच मिनिटं म्हणजे तिच्या हिशोबाने एक वर्ष. वाघ पाठ करूनच झोपला होता, नऊ वाजता पण, त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. अकराला मुलगी चालेना, मग बाहेर. लालबाग, खजराना, काहीच केलं नाही. छप्पनला बसून शिकंजी प्यायलो, मुलाने पहिल्या घोटाला तोंड केलं कारण त्याला लिंबूपाणी हवं होतं, मी सांगायला विसरले.

परतीचं मात्र जरा चुकलं. रविवारी संध्याकाळची गाडी बडोद्याला अपरात्री उतरवते आणि सोमवारी शाळा. मुलाला सुट्टी मारायलाच लावली. कोणी असा बेत करत असेल तर दुसऱ्या दिवसाची रजा आधीच धरून चाला.

आता काय आवडलं विचारलं. मुलगा म्हणाला मेट्रो आणि दहीवडा. मुलगी म्हणाली "गाणं". कोणतं गाणं ते दोन दिवस कळेना. मग आज सकाळी तिने बाल्कनीत उभं राहून आमच्या सोसायटीच्या कचरा गाडीकडे बघून विचारलं की ही गात का नाही. इंदूरला हॉटेलच्या खाली रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं लावून यायची आणि ती खिडकीत नाचायची, आम्ही तेव्हा बॅगा भरण्यात होतो.

जुना_रामबागी

सासूबाईंना नमस्कार सांगा. कोणती शाळा ते विचारून कळवा, राजवाड्याजवळच्या शाळा मला सगळ्या माहीत आहेत.

तिळगूळ_इंदूर

मी त्या गाण्याने रोज सकाळी उठते आणि रोज शिव्या घालते. आता तुमची लेक आठवेल.

मनीप्लांट_बडोदा

@काका विचारते. सासूबाई डिसेंबरात गराडूसाठी परत जायचं म्हणतायत, तेव्हा काच मंदिर आणि भटक्या भाऊंचं मांडू, मुक्काम करून.

बरं एक विचारायचं राहिलं, नवऱ्याने अर्धा किलो जिरावन आणलंय. हे टिकतं का? आणि पोह्यांशिवाय कशावर घालतात?

सवाई_पोहे

अर्धा किलो!! घट्ट झाकणाचा डबा, ओला चमचा घालू नका. पेरू, काकडी, उकडलेला बटाटा, ताक. आणि कमी पडलं तर कळवा.